गाळा सोडताना : मालकाची पाहणी आणि अनामत रकमेचा हिशेब

कापडाचा दुकानदार असो, शिलाईचा कारखाना चालवणारा कारागीर असो की भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीत भाड्याच्या शेडमध्ये यंत्रमाग चालवणारा असो, आपल्यापैकी पुष्कळ जणांचा धंदा दुसऱ्याच्या जागेत चालतो. जागा घेताना आपण दहा ठिकाणी चौकशी करतो. रस्ता कसा आहे, गिऱ्हाईक येईल का, टेम्पो दारापर्यंत लागेल का, हे सारे पाहतो. जागा सोडताना मात्र सगळी घाई असते. माल भरायचा, शटर ओढायचे आणि मालकाला निरोप द्यायचा की चावी घेऊन जा. मग मालक येतो, भिंतीकडे बोट दाखवतो, फरशीकडे पाहून तोंड वाकडे करतो आणि अनामत रकमेतून एक मोठा आकडा कापून मोकळा होतो. त्या वेळी आपला माल नव्या जागेत उघड्यावर पडलेला असतो, त्यामुळे भांडायला वेळ नसतो आणि हाती पुरावाही नसतो.

ही बाब लहान नाही. लहान दुकानदाराची अनामत म्हणजे त्याच्या एका हंगामाचा माल असतो. यंत्रमाग चालवणाऱ्याची अनामत म्हणजे काही महिन्यांचे सूत असते. ही रक्कम वेळेवर आणि पुरती हाती आली नाही तर नव्या जागेचा श्रीगणेशाच उधारीने होतो. म्हणून मालकाच्या पाहणीची तयारी कशी करावी याचा विचार येथे क्रमाने करू.

सुरुवातीला एका शब्दाकडे लक्ष वेधतो. मराठीत आपण ‘अनामत’ म्हणतो, तो शब्द अरबीतून आलेल्या ‘अमानत’चेच रूप आहे. अमानत म्हणजे विश्वासाने दुसऱ्याच्या हाती ठेवलेली वस्तू. गाळ्याच्या व्यवहारात अशा दोन अमानती असतात. आपली रक्कम मालकाकडे असते आणि मालकाची जागा आपल्याकडे असते. शेवटच्या दिवशी दोन्ही परत करायच्या असतात. आपली रक्कम पुरती मिळावी असे वाटत असेल तर त्याची जागाही पुरती परत गेली पाहिजे. पाहणीचा अर्थ एवढाच आहे.

आपला करार कोणत्या जातीचा?

सर्वांत आधी कपाटातून करार काढून वाचावा. महाराष्ट्रात व्यापारी जागेचा ताबा साधारणपणे तीन प्रकारचा असतो. पहिला प्रकार जुन्या पागडीच्या भाडेकरूंचा. त्यांचे हक्क आणि जागा सोडण्याची रीत अगदी वेगळी आहे. तेथे वकिलाला विचारल्याशिवाय चावी देऊ नये. दुसरा प्रकार भाडेपट्ट्याचा. तिसरा आणि आज सर्वांत चालणारा प्रकार म्हणजे लीव्ह अँड लायसन्स. हा लेख मुख्यतः दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रकारच्या व्यापाऱ्यांसाठी आहे.

भाडेपट्ट्याला मालमत्ता हस्तांतरण कायदा १८८२ लागू होतो. त्याचे कलम १०८ सांगते की, करारात वेगळे ठरलेले नसेल तर भाडेकरूने जागा जशी मिळाली तशी परत करावी. मात्र रोजच्या वापराने होणारी वाजवी झीज आणि माणसाच्या हाताबाहेरच्या कारणाने झालेला बदल त्यातून वगळला आहे. त्याच कलमात असेही आहे की, भाडेकरूने जागेत स्वतः बसवलेल्या वस्तू ताबा असेपर्यंत तो काढून नेऊ शकतो, पण जागा पूर्ववत करून द्यावी लागते. लीव्ह अँड लायसन्सला हे कलम सरळ लागू होत नाही. तेथे करारातील शब्द हाच आधार असतो. तरी बहुतेक करारांत ‘साधारण झीज सोडून जागा होती तशी परत द्यावी’ अशा अर्थाचे वाक्य असते. ते शोधून त्याखाली पेन्सिलीने रेघ ओढावी.

करारात आणखी चार गोष्टी पाहाव्यात : नोटीस किती दिवसांची आहे, मुदतीपूर्वी जागा सोडली तर काय, अनामत किती दिवसांत परत मिळणार आणि रंगकाम कोणाकडे आहे. मुदत संपूनही ताबा दिला नाही तर दररोज दंड लावण्याची अट पुष्कळ करारांत असते, तीही पाहून ठेवावी.

करार नोंदवलेला नसेल तर? महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे भाड्याचा किंवा लीव्ह अँड लायसन्सचा करार लेखी करून नोंदवणे सक्तीचे आहे आणि ही जबाबदारी मालकावर टाकली आहे. त्याने ती पाळली नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्हीची तरतूद आहे. शिवाय नोंदणी नसेल तर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते. तरीही वाद झाल्यावर कायद्याचा आधार शोधण्यापेक्षा आधी कागद असणे कधीही बरे.

सहा आठवडे आधी स्वतःची पाहणी

मालकाची पाहणी एका तासाची असते. आपली पाहणी त्याच्या सहा आठवडे आधी झाली पाहिजे. आपण ठोक बाजारात थान घेताना ते उजेडात उलगडतो, सूत पाहतो, डाग पाहतो, पन्हा मोजतो, मगच पैसे देतो. गाळाही तसाच उलगडून पाहावा.

दुकानाची खरी भिंत रॅकच्या मागे असते आणि खरी फरशी काउंटरच्या खाली असते. वर्षानुवर्षे तिकडे कोणाचे लक्ष गेलेले नसते. माल हलवण्याच्या दिवशी रॅक सरकवला की मागे ओल, वाळवी, उखडलेला गिलावा एकदम समोर येतो; दुरुस्तीला वेळ नसतो आणि मालक शेजारीच उभा असतो. म्हणून माल कमी करत आणावा आणि निदान तीन आठवडे आधी एकेक रॅक पुढे ओढून मागे पाहावे.

एक वही घेऊन शटरपासून सुरुवात करावी आणि उजव्या हाताने फिरत पुन्हा शटरपाशी यावे. शटर, कुलपे, चाव्यांची संख्या, उंबरा, फरशी, भिंती, छत किंवा पत्रे, खिडक्या, काचा, दिवे, पंखे, स्विचबोर्ड, मेन स्विच, नळ, मोरी, संडास, पोटमाळा, जिना, बाहेरची पाटी, या क्रमाने लिहीत जावे. प्रत्येक नोंदीपुढे तीन रकाने ठेवावेत : घेताना कसे होते, आज कसे आहे, कोणी करायचे.

‘घेताना कसे होते’ हा रकाना भरताना अनेकांची अडचण होते. त्या वेळचे फोटो असतील तर उत्तमच. नसतील तर घाबरू नये. उद्घाटनाच्या दिवशी नातेवाइकांनी काढलेले फोटो, रंगाऱ्याची किंवा सुताराची जुनी बिले, मालकाला पत्रे गळतात म्हणून पाठवलेले मोबाइलवरचे संदेश, हे सारे कामाला येते. जमेल तेवढे एका पाकिटात गोळा करावे.

झीज कशाला म्हणावे, नुकसान कशाला?

सगळा वाद या एका प्रश्नाभोवती फिरतो. वस्तू ज्या कामासाठी दिली त्या कामासाठी सांभाळून वापरताना जे होते ती झीज. निष्काळजीपणाने, अपघाताने किंवा परवानगीशिवाय केलेल्या बदलाने जे होते ते नुकसान.

भिंतीचा रंग फिका पडला, ही झीज. काउंटरपुढे गिऱ्हाइकांच्या वर्दळीने फरशीची चकाकी गेली, ही झीज. शटरची पट्टी जुनी होऊन आवाज करू लागली, हीही झीज. पण गठाण वरून टाकल्यामुळे फरशी फुटली, हे नुकसान आहे. इस्त्रीच्या टेबलाजवळ प्लग जळून काळा झाला आणि तो तसाच वापरला, हे नुकसान आहे. यंत्रमागाचे तेल वर्षानुवर्षे जमिनीत मुरू दिले, रंगाईच्या पाण्याने मोरी तुंबून शेजाऱ्याची भिंत रंगली, हेही नुकसानच.

काही बाबी मात्र मालकाच्या असतात. छतातून गळणारे पावसाचे पाणी, पायातून चढणारी ओल, इमारतीच्या खांबाला पडलेली भेग यांचा भार भाडेकरूवर येऊ नये. भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम १४ ने जागा वापरण्यालायक स्थितीत ठेवण्याची जबाबदारी मालकावर टाकली आहे. हे कलम भाडेकरूंसाठी आहे. लीव्ह अँड लायसन्सवाल्यांनी पुन्हा करारच पाहावा. तथापि दोघांनाही एक सल्ला सारखाच लागू पडतो. गळती दिसली त्याच आठवड्यात मालकाला लेखी कळवावे. चार वर्षे गप्प राहून शेवटच्या दिवशी ‘ही तुमची गळती’ म्हणण्यात जोर राहत नाही.

आणि जे नुकसान आपल्या हातून झाले आहे ते रॅकच्या किंवा कॅलेंडरच्या मागे झाकू नये. सदोष थान घडीत दडवून विकणारा एकदाच विकतो. आपण स्वतः पुढे होऊन ‘ही फरशी आमच्याकडून फुटली, बदलून देतो’ म्हटले की आपल्या पुढच्या दहा शब्दांना वजन येते.

पोटमाळा, यंत्रमाग आणि फर्निचर

भाडेकरूने स्वतःच्या खर्चाने केलेल्या कामावरून सर्वांत जास्त भांडणे होतात. पोटमाळा आपण बांधला, त्याला पैसे लागले, म्हणून मालकाने त्याची किंमत द्यावी असे आपल्याला वाटते. मालकाला वाटते, माझ्या भिंतीत लोखंड ठोकले, त्याची भरपाई द्या. दोघांकडेही कागद नसतो.

येथे उपाय एकच. जागा सोडण्याच्या महिनाभर आधी मालकाला लेखी विचारावे की अमुक वस्तू ठेवायच्या की काढायच्या. ठेवायच्या असतील तर मोबदला काय, तेही त्याच कागदावर यावे. मोबदला ठरला नसेल तर तो मिळेल असे धरून चालू नये. काढायच्या असतील तर काढल्यानंतर भिंत बुजवण्याचा खर्च आपला, हे मनाशी पक्के करावे. कधीकधी लाकूड आणि लोखंड विकून येणाऱ्या पैशापेक्षा भिंत नीट करण्याचा खर्च जास्त होतो. अशा वेळी पोटमाळा मालकाला देऊन टाकणे हाच फायद्याचा सौदा असतो. हा हिशेब आधी करावा.

यंत्रमागाची शेड रिकामी करताना जमिनीतील बोल्टांची भोके उरतात. बोल्ट वर मोडून टाकू नयेत, मुळापासून काढावेत आणि भोके काँक्रीटने भरावीत. भरलेल्या काँक्रीटवर निदान सात दिवस पाणी मारावे लागते. म्हणजे माग हलवल्यापासून पाहणीपर्यंत आठ-दहा दिवस मोकळे ठेवलेच पाहिजेत. काल भरलेले भोक आज मालकाच्या बुटाखाली उखडले तर सगळी मेहनत वाया जाते.

तेलाच्या डागांवर आधी लाकडाचा भुसा किंवा चुन्याची पूड पसरून रात्रभर ठेवावी, सकाळी झाडून मग धुण्याचा सोडा घातलेल्या गरम पाण्याने घासावे. जुना डाग पूर्ण जाईलच असे नाही, पण चिकटपणा जातो आणि सांभाळून ठेवल्याचे दिसते. पत्र्याखाली, कैचीवर आणि वायरींवर साचलेली रुई काढताना मेन स्विच बंद करावा. वायरींचे काम वायरमनकडूनच करून घ्यावे.

दुरुस्ती किती करावी?

दुरुस्ती स्वतः करून दिली तर बहुधा स्वस्त पडते, कारण कारागीर आपण निवडतो. भिंतीतील खिळे काढणे, भोकांत पुट्टी भरणे, फुटलेला स्विच बदलणे, काच बसवणे, शटरला तेल देणे, मोरी साफ करणे, ही कामे आपणच उरकावीत. संपूर्ण रंग मात्र करारात लिहिलेला असल्याशिवाय काढू नये. पुट्टी भरलेल्या जागी जुन्या रंगाशी जुळणारा हात फिरवला तरी पुरे. मोठे काम असेल, जसे फरशीचा पट्टा उखडणे किंवा वायरिंग बदलणे, तर आधी मालकाला दाखवून त्याची संमती घ्यावी. नाहीतर आपण खर्च करायचा आणि मालकाने ‘ही टाइल मला नको होती’ म्हणायचे, असा प्रसंग येतो.

महिन्याचाही विचार करावा. नोटिशीची मुदत हाती असेल तर ऐन पावसाळ्यात जागा सोडणे टाळावे. गिलावा वाळत नाही, रंग धरत नाही आणि प्रत्येक ओल आपल्याच नावावर जाते. ईद आणि दिवाळीच्या हंगामात तर व्यापाऱ्याला मान वर करायला वेळ नसतो. त्या गर्दीत पाहणी ठेवू नये.

बिले आणि सरकारी कागद

मालकाची पाहणी भिंतींवर संपत नाही. त्याला भीती असते ती मागे राहणाऱ्या थकबाकीची, आणि ही भीती खरी आहे. विजेची जुनी थकबाकी नव्या मालकाकडून किंवा ताबेदाराकडून मागण्याचे नियम वीज कंपन्या करू शकतात, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२३ साली एका निकालात मान्य केले आहे. म्हणून मालक शेवटचे बिल येईपर्यंत रक्कम रोखू पाहतो, त्यात त्याचा दोष नाही.

यावर तोड अशी. शेवटच्या दिवशी मीटरचे आकडे दोघांसमोर लिहावेत आणि फोटो काढावा. मागच्या बिलांवरून अंदाज घेऊन एक ठरावीक रक्कमच मालकाकडे राहू द्यावी, सगळी अनामत नव्हे. बिल भरल्यापासून किती दिवसांत ती परत येईल हे लिहून घ्यावे. मीटर आपल्या नावावर असेल तर नाव बदलण्याचा किंवा जोडणी बंद करण्याचा अर्ज द्यावा. मीटरसाठी वीज कंपनीकडे भरलेली वेगळी अनामत असते, ती मागायला पुष्कळ लोक विसरतात. पाणीपट्टी, इमारतीचा देखभाल खर्च आणि करारात असल्यास घरपट्टी, यांच्या पावत्या एकत्र टाचून द्याव्यात.

जीएसटीचा नोंदणी पत्ता हा तितकाच महत्त्वाचा विषय. १ जुलै २०१७ पासून ही पद्धत आली तेव्हापासून धंद्याची जागा बदलली की १५ दिवसांत पोर्टलवर बदलाचा अर्ज करावा लागतो. गोदाम अतिरिक्त जागा म्हणून नोंदवलेले असेल तर तेही कमी करावे. आपण जुना पत्ता तसाच ठेवला तर आपल्या नोटिसा जुन्या दारावर जातात आणि त्या गाळ्यात येणाऱ्या नव्या माणसाच्या नोंदणीत अडचण येते. मालक मग आपल्याला शोधत फिरतो. दुकाने व आस्थापनांची नोंद, नगरपालिकेचा परवाना असल्यास तो, बँक आणि व्यापारी यांनाही नवा पत्ता कळवावा. शेवटी आपली पाटी उतरवून घ्यावी.

पाहणीचा दिवस

पाहणी दिवसाउजेडी ठेवावी. गाळा पूर्ण रिकामा आणि झाडलेला असावा, पण वीज आणि पाणी चालू असावे, म्हणजे प्रत्येक दिवा, पंखा आणि नळ चालवून दाखवता येतो. वेळ दोघांच्या सोयीने दोन दिवस आधी ठरवावी. मालकाने माणूस पाठवला तर त्याला निर्णयाचा अधिकार आहे का, हे आधी विचारावे. नाहीतर तीच पाहणी पुन्हा करावी लागते.

दोघांना मान्य असा एक तिसरा माणूस बरोबर असावा. ज्या दलालाने जागा मिळवून दिली तो किंवा बाजारातील एखादा बुजुर्ग व्यापारी चालेल. लेनदेन लिहून ठेवावी आणि साक्षीदार घ्यावा, ही शिकवण आपल्या घराघरांत आहे. ती फक्त उधारीच्या वहीपुरती ठेवू नये.

आपली वही हातात घ्यावी आणि त्याच क्रमाने फिरावे. मालक काही दोष दाखवील तेव्हा तिथल्या तिथे वाद घालू नये. तो दोष लिहावा, फोटो घ्यावा आणि पुढे जावे. सगळे पाहून झाल्यावर बसून एकेक नोंद बोलावी. उभ्याने केलेला वाद आवाजावर जातो, बसून केलेला हिशेब आकड्यावर येतो. शेवटी मोबाइलवर शटरपासून शटरपर्यंत एक सलग चित्रण करावे आणि त्याच दिवशी मालकाला पाठवावे.

कपातीचा हिशेब

कपात मान्य करताना दोन तत्त्वे धरावीत. पहिले, कपात दुरुस्तीच्या खऱ्या खर्चाएवढी असावी आणि त्याचा भाव किंवा बिल समोर असावे. दुसरे, जुन्या वस्तूच्या जागी नवीची पूर्ण किंमत मागू नये.

एक उदाहरण घेऊ. समजा, अनामत २,००,००० रुपये आहे. गाळ्याला रंग आपण आलो तेव्हा, म्हणजे तीन वर्षांपूर्वी लागला होता. आपल्या रॅकमुळे भिंती खराब झाल्या हे मान्य आहे आणि मालक पूर्ण रंगाचे १८,००० रुपये मागतो. अशा दुकानातला रंग चार वर्षे टिकतो असे दोघांनी धरले, तर तीन वर्षांचा वापर भाड्यातच आला. उरलेल्या एका वर्षाचा, म्हणजे चौथा हिस्सा ४,५०० रुपये होतो. फुटलेल्या फरशीचा खर्च २,५०० रुपये. एकूण कपात ७,००० रुपये. बाकी १,९३,००० रुपये. त्यातून विजेच्या शेवटच्या बिलापोटी ५,००० रुपये मागे ठेवले, तर १,८८,००० रुपये आज मिळायला हवेत आणि ५,००० चा हिशेब बिल आल्यावर. असा कागद समोर ठेवला की समजदार मालक क्वचितच नाही म्हणतो.

पुष्कळ व्यापारी शेवटचे दोन-तीन महिने भाडेच देत नाहीत आणि ‘अनामतीतून वळते करून घ्या’ म्हणतात. मालकाची लेखी संमती असल्याशिवाय असे करू नये. यात आपण थकबाकीदार ठरतो आणि नुकसानीच्या चर्चेत आपली बाजू आधीच हलकी होते.

चावी आणि रक्कम एकाच बैठकीत

चावी द्यायची आणि रकमेसाठी महिनोन्‌महिने फेऱ्या मारायच्या, हे टाळायचे तर करारात दिलेल्या मुदतीप्रमाणे रक्कम बँकेतून जमा होण्याचा किंवा धनादेशाचा दिवस आधीच ठरवावा. शक्य असेल तर चावी आणि रक्कम एकाच बैठकीत बदलावी. मोठी रक्कम रोखीने घेऊ नये. बँकेतली नोंद हाच पुढे पुरावा असतो. मुदत संपल्यावर केवळ अनामतीसाठी गाळा अडवून बसणे मात्र धोक्याचे आहे. रोजचा दंड वाढत जातो आणि तो त्याच अनामतीतून कापला जातो.

ताबा पावती दोन प्रतींत करावी. तिचा साधा नमुना असा :

‘आज दिनांक ______ रोजी ______ येथील गाळा क्रमांक ______ ची आम्ही उभयतांनी साक्षीदारासमक्ष पाहणी केली. गाळा रिकामा असून एकूण ______ चाव्या मालकांना मिळाल्या. विजेच्या मीटरवरील आकडा ______ आहे. अनामत रक्कम ______ रुपये. मान्य कपात ______ रुपये, तपशील सोबत जोडला आहे. विजेच्या शेवटच्या बिलापोटी ______ रुपये राखून ठेवले असून बिल भरल्यापासून ______ दिवसांत हिशेब होईल. बाकी ______ रुपये आज बँकेमार्फत दिले/मिळाले. याव्यतिरिक्त उभयतांचे एकमेकांकडे काही येणे-देणे राहिलेले नाही.’

खाली मालक, ताबेदार आणि साक्षीदार यांच्या सह्या. नोंदवलेला करार मुदतीपूर्वी संपवत असाल तर तो रद्द करण्याचा कागद वेगळा करावा लागतो का, हे वकिलाकडून समजून घ्यावे.

एकमत झालेच नाही तर?

अशा वेळीही चावी देताना लेखी पोच घ्यावी आणि ज्या कपातीला आपला विरोध आहे ती ‘अमान्य’ असे स्पष्ट लिहावे. नुसती सही करून बाहेर पडल्यावर तक्रार करण्यात अर्थ नसतो. नंतर आठ दिवसांत शांत भाषेत एक पत्र स्पीड पोस्टाने पाठवावे : एकूण रक्कम, मान्य कपात, बाकी येणे आणि देण्याची मुदत, एवढेच. सोबत फोटो आणि ताबा पावतीची प्रत. त्यानंतर बाजारातील व्यापारी संघटनेत किंवा दोघांच्या ओळखीच्या माणसाकडे विषय न्यावा. दोघांनाही त्याच बाजारात राहायचे असते, त्यामुळे येथे पुष्कळ प्रकरणे मिटतात. तेथेही न मिटल्यास वकिलामार्फत नोटीस. पैशाच्या वसुलीच्या दाव्याला साधारणपणे तीन वर्षांची मुदत असते, म्हणून ‘बघू, देईल’ म्हणत वर्षे घालवू नयेत.

आपल्या वाचकांत गाळ्यांचे मालकही आहेत. त्यांनाही हीच विनंती की, भाडेकरूची अनामत खर्च करून बसू नये आणि ती परत करताना भिंतीत दोष शोधू नयेत. पुढचा भाडेकरू बाजारात चौकशी करूनच येतो.

आणि नव्या जागेत पाऊल ठेवाल त्या दिवशी माल उतरवण्यापूर्वी रिकाम्या गाळ्याचे चित्रण करा, वहीतला पहिला रकाना भरा आणि त्यावर मालकाची सही घ्या. अर्ध्या तासाचे काम आहे. जागा सोडण्याच्या पाहणीची निम्मी तयारी जागा घेण्याच्या दिवशीच होऊन जाते.